गरम झाल्यावर बंद पडणारी पद्मिनी : पेट्रोल की करंट?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. तरी खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी, अँबेसेडर आणि जुन्या जीप महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आजही दिसतात. या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते, वीस-पंचवीस किलोमीटर सुरळीत चालते आणि मग सिग्नलला उभी असताना किंवा घाटाच्या मध्यावर बंद पडते. त्यानंतर कितीही सेल्फ मारला तरी ती दाद देत नाही. मात्र अर्ध्या तासाने काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. ही तक्रार नेमकी कशामुळे आहे, हे पायरीपायरीने कसे ओळखावे, याविषयी हा लेख आहे. उदाहरणासाठी १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची, सोलेक्स कार्ब्युरेटरची पद्मिनी घेतली आहे. पण इंजिनावर बसवलेला एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप) आणि पॉइंट-कंडेन्सरचा डेल्को (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर; पॉइंट म्हणजे त्यातले उघडझाप करणारे संपर्क) असलेल्या कोणत्याही जुन्या गाडीला हीच पद्धत लागू पडते.

या दोषाची खरी अडचण अशी की तो फक्त इंजिन गरम असतानाच अस्तित्वात असतो. गाडी ओढून गॅरेजमध्ये नेईपर्यंत इंजिन थंड होते, दोष नाहीसा होतो आणि मेकॅनिकसमोर एक उत्तम चालणारी गाडी उभी राहते. मग अंदाजाने आधी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) बदलली जाते, पुढच्या वेळी एसी पंप आणि त्यानंतर कार्ब्युरेटर. खर्च वाढत जातो आणि गाडी मात्र पुढच्या मे महिन्यात पुन्हा खंबाटकी घाटात उभी राहते. म्हणून निदानाची वेळ एकच आहे : गाडी बंद पडल्यानंतरची पहिली काही मिनिटे. त्या मिनिटांत कोणताही भाग बदलायचा नसतो, फक्त एका प्रश्नाचे उत्तर मिळवायचे असते. इंजिनाला त्या क्षणी काय मिळत नाही, पेट्रोल की करंट, म्हणजे ठिणगीसाठीची वीज?

सोबत काय ठेवावे

एक जादा स्पार्क प्लग, प्लगचा पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पट्ट्या), बारा व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, खात्रीचा जादा कंडेन्सर, दोन लिटर पाणी, सुती फडकी आणि लहान अग्निशामक नळकांडे एवढे साहित्य पुरते. जादा प्लगची बाहेरची कडी वाकवून त्याची फट सुमारे पाच मिलिमीटर करून ठेवावी. असे करण्याला कारण आहे. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते, पण सिलिंडरमधील दाबाखाली तीच ठिणगी पाडायला बरेच अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे नेहमीच्या फटीचा प्लग बाहेर धरून तपासला तर अर्धमेली कॉइलही निरोगी वाटते. पाच मिलिमीटरची फट ओलांडणारी ठिणगी मात्र विश्वासार्ह असते.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्यावी, चढावर असल्यास चाकामागे दगड लावावा, जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही हे पाहावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. करंट तपासताना पेट्रोलचा कोणताही सांधा उघडा नसावा आणि पेट्रोलचा सांधा उघडा असताना करंट तपासू नये. या दोन कामांमध्ये सांडलेले पेट्रोल पुसून ते उडून जाऊ द्यावे.

गाडी कशी बंद पडली

बोनेट उघडण्यापूर्वीच अर्धी माहिती हाती आलेली असते, फक्त ती नीट आठवायला हवी. इंजिन चावी बंद केल्यासारखे एकदम, कोणताही इशारा न देता थांबले असेल, तर संशय प्रथम करंटवर घ्यावा. कॉइल, कंडेन्सर, चावीचा स्विच किंवा एखादी सैल वायर यांचा स्वभाव असाच असतो. इंजिनाने आधी ओढ सोडली, गाडीने दोन-चार झटके दिले, पाय उचलल्यावर थोडे सावरले आणि मग ते बंद पडले, तर पेट्रोल कमी पडत होते. उभ्या गाडीत इंजिन अडखळत, डुगडुगत, सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास सोडत थांबले, तर पेट्रोल जास्त होत होते. धावताना काहीही त्रास नसून केवळ पाय काढल्यावर, स्लो स्पीडवर बंद पडत असेल, तर आयडल जेट (स्लो स्पीडचे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र), हवेची गळती किंवा घट्ट टॅपेट (व्हॉल्व्हची फट कमी असणे) यांचा विचार करावा लागतो.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. काही गाड्या चालताना बंद पडतात; काही चालताना कधीच बंद पडत नाहीत, पण चहासाठी दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू होत नाहीत. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाण्याचे अभिसरण दोन्ही थांबते, त्यामुळे बोनेटखालील तापमान पहिल्या काही मिनिटांत उतरण्याऐवजी चढते आणि ती उष्णता एसी पंपात व कार्ब्युरेटरच्या वाटीत (पेट्रोल साठून राहते त्या कप्प्यात) शिरते. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत म्हणूनच कॉइलपेक्षा पेट्रोलकडे आधी पाहावे.

तापमानाचा काटा कुठे होता, टाकीत पेट्रोल किती होते, बाहेर ऊन किती होते, गाडी किती वेळ चालली आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाली, हे प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवावे. तीन-चार नोंदी झाल्या की पुष्कळदा एक धागा स्वच्छ दिसू लागतो. पाऊण टाकी असताना गाडी कधीच बंद पडत नाही आणि पाव टाकीवर हमखास पडते, असे आढळले तर दोष इंजिनात नसून मागे टाकीत असण्याची शक्यता मोठी असते.

पहिली तपासणी : कार्ब्युरेटरच्या घशात पाहणे

एअर फिल्टरचे झाकण काढावे, इंजिन बंद ठेवूनच कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्चने पाहावे आणि हाताने थ्रॉटलचा दांडा एकदाच पूर्ण ओढावा. सोलेक्समध्ये प्रवेगक (ॲक्सिलरेटर) पंप असतो. वाटीत पेट्रोल असेल तर त्याच्या बारीक नळीतून घशात स्पष्ट, सलग पिचकारी उडते. ही एका क्षणाची तपासणी आहे, पण तिच्यातून बरेच कळते.

पिचकारी जोरदार असेल तर वाटीत पेट्रोल आहे, म्हणून करंटकडे वळावे. पिचकारी आलीच नाही किंवा फक्त फुसफुस झाली, तर वाटी रिकामी आहे आणि दोष टाकी ते कार्ब्युरेटर या वाटेवर आहे. थ्रॉटल हलवण्याआधीच घसा ओला असेल, मुख्य नळीतून पेट्रोल थेंबथेंब गळत असेल, तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. ज्या अँबेसेडरवर एसयू कार्ब्युरेटर आहे तिच्यात असा प्रवेगक पंप नसतो. तिथे पेट्रोलची येणारी नळी वाटीपासून सोडवून, तिच्या तोंडाशी बाटली धरून आणि कॉइलची मधली हाय टेन्शन वायर डेल्कोच्या टोपीतून काढून अर्थला जोडून, क्षणभर सेल्फ मारून पाहावे. वायर अर्थ न करता तशीच लोंबती ठेवू नये. तिची ठिणगी बाटलीतल्या वाफेपर्यंत पोचू शकते.

दुसरी तपासणी : करंट

प्लगची एक वायर काढून तिच्यात आपला जादा प्लग बसवावा, त्याचे लोखंडी अंग कार्ब्युरेटरपासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. निळसर, टिचकी वाजवल्यासारखा आवाज करणारी ठिणगी ठीक समजावी. पिवळी, बारीक, मध्येच चुकणारी ठिणगी म्हणजे करंट कमकुवत आहे. ठिणगी मुळीच नसेल, तर हीच तपासणी कॉइलच्या मधल्या वायरवर करावी; तिथे ठिणगी आहे आणि प्लगवर नाही, तर दोष डेल्कोच्या टोपीत, रोटरमध्ये (टोपीखालच्या फिरत्या तुकड्यात) किंवा टोपीच्या मधल्या कार्बनमध्ये आहे. टोपीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ती भेगेतून करंट गळत असल्याची खूण आहे आणि अशी टोपी पुसून उपयोग नसतो.

कॉइलच्या वायरवरही ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्प काढावा. त्याचे एक टोक अर्थला लावून दुसरे, चावी चालू ठेवून, कॉइलच्या आधी एका आणि मग दुसऱ्या खांबाला टेकवावे. जुन्या लुकास कॉइलवर चावीकडच्या खांबाला एसडब्ल्यू आणि पॉइंटकडच्या खांबाला सीबी अशी अक्षरे असतात. चावीकडच्या खांबावर दिवा लागला नाही, तर बॅटरीपासून चावीच्या स्विचमार्गे येणाऱ्या वाटेत खंड आहे. स्विचच्या आतले जीर्ण संपर्क उष्णतेने सैल होतात. अशा वेळी बॅटरीच्या खांबापासून कॉइलच्या चावीकडच्या खांबापर्यंत तात्पुरती वायर जोडून गाडी सुरू झाली, तर दोष सापडला.

चावीकडे वीज आहे, आता सेल्फ मारताना पॉइंटकडचा दिवा पाहावा. तो लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडले की लागतो, मिटले की विझतो. सतत लागून राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, त्यांच्यावर थर साचला आहे किंवा डेल्कोच्या आतील तबकडीची अर्थ वायर तुटली आहे. ही वायर लहान आणि वेणीसारखी असते, तबकडीबरोबर सतत हलते आणि आतून तुटूनही बाहेरून चांगली दिसते. हा दोष विरळा असला तरी त्याचा शोध घेण्यात अनेकांचे महिने गेलेले असतात. दिवा सतत विझलेला राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कॉइलची आतली पहिली गुंडाळी तुटली आहे. यांपैकी कोणते, हे कॉइलच्या पॉइंटकडच्या खांबावरची वायर काढून पाहिल्यावर कळते : वायर काढताच त्या खांबावर दिवा लागला तर कॉइल शाबूत आहे आणि दोष डेल्कोत आहे, तरीही लागला नाही तर कॉइलच गेली.

पॉइंट उघडत नसण्याचे एक कारण फार साधे असते. पॉइंटचा कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा ग्रीस नसल्यामुळे झिजतो आणि फट हळूहळू मिटत जाते. इंजिन गरम झाल्यावर उरलीसुरली फटही पुरत नाही. फट सामान्यतः ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि बसवल्यावर कॅमला ग्रीसचा अगदी पुसट हात द्यावा.

कॉइल आणि कंडेन्सर यांच्याविषयी थोडे अधिक

गरम झाल्यावर बंद पडण्याच्या तक्रारीत सर्वाधिक बदलला जाणारा भाग कॉइल असला, तरी सर्वाधिक दोषी भाग तोच असतो असे मला वाटत नाही. कंडेन्सर अधिक वेळा दोषी असतो. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड असते आणि पॉइंट उघडताना होणारी ठिणगी शोषून घेणे हे त्याचे काम. आतले विद्युतरोधन जुने झाले की थंड असताना तो टिकतो, पण डेल्कोच्या अंगाशी तापल्यावर गळू लागतो. अशा वेळी टोपी काढून, अंधाऱ्या जागी, सेल्फ मारताना पॉइंटमध्ये मोठी पिवळी ठिणगी दिसते आणि पॉइंटचे तोंड जळून काळे पडलेले असते. डेल्कोच्या बाहेर, जुना कंडेन्सर सोडवून, खात्रीचा कंडेन्सर तात्पुरता जोडून गाडी लगेच सुरू झाली तर पुढे तपासण्याची गरज नाही. नवा घेताना मात्र पाहून घ्यावा, कारण आज बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरांचा दर्जा फार असमान आहे. जुना चांगला कंडेन्सर केवळ जुना आहे म्हणून टाकून देऊ नये.

कॉइल तपासताना मल्टिमीटरचा आकडा समजून वाचावा लागतो. बॅलास्ट (कॉइलच्या वाटेत लावलेला जादा रोध) नसलेल्या बारा व्होल्टच्या कॉइलची पहिली गुंडाळी सुमारे ३ ओहम आणि दुसरी काही हजार ओहम भरते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणून कॉइल ६० अंशांनी तापली तर ३ ओहमचे सुमारे ३.७ ओहम होणे अगदी स्वाभाविक आहे आणि एवढ्यावरून कॉइल खराब ठरवू नये. थंड असताना ठीक असलेला आकडा गरम झाल्यावर अनंत होतो किंवा हलवल्यावर उड्या मारतो, तेव्हा गुंडाळी तुटली असे समजावे. कॉइलवर ओला फडका गुंडाळून चार-पाच मिनिटांत करंट परत आला, तर तो बराच भक्कम पुरावा होय. फक्त पाणी वरच्या तोंडावर आणि वायरवर जाऊ देऊ नये.

नवी बसवलेली कॉइलही हात लावता येणार नाही इतकी तापत असेल, तर ती चुकीच्या जातीची असण्याचा संभव आहे. बॅलास्ट रेझिस्टन्सबरोबर वापरायची कॉइल सुमारे १.५ ओहमची असते. ती बॅलास्टशिवाय जोडली तर पॉइंट मिटलेले असताना चारऐवजी आठ अँपिअर प्रवाह वाहतो. कॉइल आणि पॉइंट दोन्ही जळतात. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकण्याची सवयही घातक आहे, कारण पॉइंट मिटलेल्या स्थितीत थांबले असतील तर कॉइलमधून अखंड प्रवाह वाहत राहतो.

ज्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आले, त्यांत गरम झाल्यावर करंट जाण्याचे कारण बहुधा मॉड्यूल किंवा डेल्कोतील पिकअप कॉइल (मॉड्यूलला ठिणगीची वेळ कळवणारी गुंडाळी) असते. तिथे गॅरेजमध्ये एकेक भाग केस वाळवण्याच्या यंत्राने तापवून पाहणे ही उत्तम युक्ती आहे. इंजिन चालू असताना फक्त मॉड्यूल तापवले आणि इंजिन थांबले, तर संशयाला जागा उरत नाही. हीच युक्ती कंडेन्सर आणि कॉइललाही लागू पडते.

वाटी रिकामी असेल तर

बहुतेक लोक इथे लगेच ‘व्हेपर लॉक’ (पेट्रोलची वाफ होऊन वाट अडणे) म्हणतात आणि एसी पंपावर ओला फडका टाकतात. घाटात ही जुनी रीत आहे आणि ती निरर्थक नाही, पण फडका टाकण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून पाहावे. उघडताना हवा आत ओढल्याचा ठळक सुस्कारा ऐकू आला, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. पेट्रोल निघून जाते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते, एसी पंपाला ओढ पुरत नाही आणि वीस-तीस मिनिटांनी गाडी बंद पडते. थांबल्यावर हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी पुन्हा चालते. या सगळ्याचा उष्णतेशी काहीही संबंध नसतो, तरी वेळेचा हिशेब हुबेहूब जुळतो. टाकीच्या तळाशी असलेल्या गाळाचेही तसेच आहे : चालताना तो जाळीवर ओढला जातो, थांबल्यावर खाली बसतो. त्यामुळे ‘थंड झाल्यावर सुरू होते’ या वाक्याचा अर्थ खरोखर थंडपणा आहे की केवळ विश्रांती, हे आधी ठरवावे. गाडी बंद पडल्यावर काहीही थंड न करता फक्त झाकण उघडून पाच मिनिटे थांबावे. सुरू झाली तर शोध मागच्या बाजूला न्यावा.

झाकण निर्दोष असेल तर आता पंपावर आणि कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीवर ओला फडका ठेवावा व त्यावर पाणी शिंपडत राहावे. पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडू देऊ नये, तापलेले बीड तडकू शकते. डेल्कोवर तर थेंबही नको. दोन-तीन मिनिटांत, सेल्फ मारताना पिचकारी परत आली तर पेट्रोलची वाफ होत होती हे सिद्ध झाले.

ही वाफ का होते हे कळले म्हणजे उपायही कळतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतात. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पंप ओढत असल्यामुळे दाब वातावरणापेक्षा कमी असतो, म्हणून तिथे वाफ आणखी लवकर होते. डायफ्रॅमचा पंप द्रव ढकलण्यासाठी असतो, वाफ नुसती दाबली-सुटली जाते आणि पुढे काहीच सरकत नाही. घाट चढताना इंजिन जास्त तापते, गाडीचा वेग कमी असल्याने वारा कमी मिळतो आणि उंचीमुळे हवेचा दाबही उतरतो. महाबळेश्वराच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. देशातील पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे मिश्रण येऊ लागले. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळत असले तरी पेट्रोलमध्ये मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम त्याने फुगतात, भेगाळतात. म्हणून अशा गाडीत पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घेणे हा मी कोणत्याही दुरुस्तीपूर्वीचा आवश्यक खर्च मानतो.

वाफेचा दोष सिद्ध झाल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. पंपाच्या आणि इंजिनाच्या मधले बॅकेलाइटचे जाड पॅकिंग जागेवर आहे का. पंप काढताना ते पुष्कळदा फेकले जाते आणि त्याच्या जागी साधा कागद येतो. ही जाडी केवळ उष्णता अडवत नाही, तर पंपाच्या दांड्याची चालही ठरवते, म्हणून मूळ जाडीचेच पॅकिंग बसवावे. पेट्रोलची नळी एक्झॉस्टला चिकटून जाते का. जात असेल तर ती दूर घ्यावी आणि मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा. नळीवर लाकडी चिमटे लावण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते, पण लाकूड उष्णता वाहून नेत नाही आणि त्याने काही साधत नाही. पंपाच्या अलीकडच्या रबरी तुकड्यांना बारीक भेग असेल तर त्यातून पेट्रोल बाहेर न गळता हवा आत ओढली जाते आणि मेकॅनिक म्हणतात तशी गाडी ‘एअर घेते’. बाहेर ओल दिसत नसल्याने ही भेग नजरेतून सुटते. शेवटी इंजिन ऑइलची कांडी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर पंपाचा डायफ्रॅम फाटला आहे, आणि ते ऑइल बदलल्याशिवाय गाडी एक किलोमीटरही चालवू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना वाचवू शकत नाही.

टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवणे हा परिणामकारक उपाय आहे, कारण तो ढकलतो आणि नळीतला दाब वाढवतो. पण तो कार्ब्युरेटरसाठीचा, कमी दाबाचाच हवा. जास्त दाबाने फ्लोटची (वाटीतील तरंगत्या गोळ्याची) पेट्रोल अडवणारी निडल उचलली जाऊन पेट्रोल वाहू लागते. त्याला अपघातात किंवा इंजिन थांबल्यावर आपोआप बंद पडणारा स्विच जोडलेला असावा. मूळ दोष न शोधता हा पंप बसवला, तर भेगाळलेल्या नळीतून आत शिरणाऱ्या हवेऐवजी बाहेर पेट्रोल सांडेल, हे लक्षात ठेवावे.

घसा ओला असेल तर

ओव्हरफ्लो झालेल्या गाडीत ॲक्सिलरेटर वारंवार दाबू नये. प्रत्येक दाबाने आणखी पेट्रोल आत जाते. तो पूर्ण दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा. काळा धूर सोडत इंजिन सुरू झाले आणि काही सेकंदांत स्वच्छ झाले, तर निदान बरोबर आहे. कारणे तीन असू शकतात. चोक पूर्ण परत जात नसेल. काही सोलेक्समध्ये चोकची पाकळी दिसत नाही, वेगळी स्टार्टर यंत्रणा असते, म्हणून बाहेरचा दांडा शेवटपर्यंत बसतो का हे हाताने तपासावे. फ्लोटची निडल झिजली असेल किंवा फ्लोटच्या आत पेट्रोल शिरले असेल. फ्लोट कानाजवळ हलवून आवाज ऐकावा. किंवा वाटीतले पेट्रोल उष्णतेने उकळून घशात उतरत असेल. या तिसऱ्या कारणात गाडी फक्त थांबल्यानंतर त्रास देते आणि उपाय म्हणजे कार्ब्युरेटरखालचे उष्णतारोधक पॅकिंग शाबूत ठेवणे आणि फ्लोटची पातळी पुस्तिकेप्रमाणे लावणे. घाटमाथ्यावर थांबताना इंजिन बंद करण्यापूर्वी एक-दोन मिनिटे स्लो स्पीडवर चालू द्यावे आणि नंतर बोनेट उघडे ठेवावे.

पेट्रोलही आहे, करंटही आहे

अशी वेळ आली तर इंजिनाच्या अंगाकडे वळावे लागते. गरम असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. टॅपेट घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि स्लो स्पीडवर इंजिन टिकत नाही. टॅपेटचा आवाज येऊ नये म्हणून ते गरजेपेक्षा घट्ट करण्याची सवय या दोषाला थेट कारणीभूत असते. दाब गरम इंजिनावरच, सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून मोजावा. चार सिलिंडरांतील फरक दहा टक्क्यांहून फारसा अधिक नसावा. एकाच सिलिंडरचा आकडा गरम असताना खाली जातो आणि थंड असताना नाही, तर टॅपेट आधी पाहावेत, हेड उतरवण्याची घाई करू नये.

कार्ब्युरेटरच्या पायाशी हवेची गळती असेल तर स्लो स्पीडला मिश्रण पातळ होते. चालू इंजिनावर सांध्याच्या कडेने पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. ज्वालाग्राही फवारे तापलेल्या मॅनिफोल्डजवळ कधीही वापरू नयेत. आयडल जेट काढून हवेने स्वच्छ करावा, तारेने नाही, कारण तारेने छिद्र मोठे होते. २० टक्के इथेनॉलच्या इंधनाला जळण्यासाठी शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा लागते, म्हणजे पूर्वीच्या इंधनावर बसवलेले मिश्रण आता सुमारे आठ टक्के पातळ पडते. त्यामुळे मिश्रणाचा स्क्रू नव्या इंधनावर, पूर्ण तापलेल्या इंजिनावर पुन्हा लावावा लागतो. थंड इंजिनावर केलेले समायोजन व्यर्थ ठरते.

तापमानाचा काटा खरोखरच लाल पट्ट्यात जात असेल, तर बाकी सर्व तपासण्या थांबवून आधी थंडाव्याची व्यवस्था पाहावी : रेडिएटरमधील गाळ, पंख्याचा सैल पट्टा, पाण्याचा पंप आणि मागे पडलेले (ठिणगी उशिरा पाडणारे) टायमिंग. काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवावा, तो निरुपयोगी भाग नाही.

दुरुस्ती झाल्यावर एका वेळी एकच बदल ठेवून, वहीत लिहिलेल्या त्याच परिस्थितीत गाडी तपासावी : तेवढेच पेट्रोल, दुपारची तीच वेळ, तोच चढ, आणि वर पोचल्यावर पंधरा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सेल्फ. हिवाळ्याच्या सकाळी सपाट रस्त्यावर चालवून दोष गेला असे मानू नये. जुना कंडेन्सर, प्लग आणि टेस्ट लॅम्प यांची पिशवी त्या फेरीतही डिकीत असू द्यावी.